नटांची छिद्रे जुळली, म्हणजे चाक जुळले का?

अंबाजोगाईतील आमच्या एका शेजाऱ्यांनी मोटारीची पोलादी चाके काढून त्या जागी रुंद, चकचकीत अलॉय चाके बसवून घेतली. आठ महिने काही तक्रार नव्हती. पुढे ब्रेकचे पॅड झिजले म्हणून नवे घातले आणि त्याच संध्याकाळी परळीकडे उतरताना पुढच्या चाकातून खरखर ऐकू येऊ लागली. चाके तीच, मग हे घर्षण आले कोठून?

त्यासाठी आधी चाकाची रचना पाहू. दोन्ही बाजूंनी उघड्या, पसरट डब्यात एक उभा पडदा आहे अशी कल्पना करा. डबा म्हणजे रिम आणि पडदा म्हणजे आरे. पडद्याचा जो सपाट भाग नटांनी मोटारीच्या हबवर आवळला जातो, ती चाकाची बैठक. रिमच्या रुंदीच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलापासून बैठकीचे अंतर म्हणजे 'ऑफसेट'. बैठक मध्यापासून बाहेरच्या बाजूस असेल तर तो धन, आतल्या बाजूस असेल तर ऋण. चाकावर 'ईटी 45' असे लिहिलेले आढळले, तर ऑफसेट धन 45 मिलिमीटर आहे असे समजावे.

आता एक उदाहरण करू. जुने चाक 5.5 इंच रुंद, ईटी 45. नवे 7 इंच रुंद, ईटी 35. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. बैठकीपासून रिमची आतली कड अर्धी रुंदी अधिक ऑफसेट इतकी दूर असते. जुन्या चाकात हे अंतर 69.85 + 45 = 114.85 आणि नव्यात 88.9 + 35 = 123.9 मिलिमीटर. म्हणजे नवे चाक शॉकॲब्सॉर्बरच्या बाजूस सुमारे 9 मिलिमीटर सरकले. बाहेरच्या कडेसाठी अर्ध्या रुंदीतून ऑफसेट वजा करा. चाक मडगार्डच्या दिशेने सुमारे 29 मिलिमीटर सरकल्याचे दिसेल.

ऑफसेट 10 मिलिमीटरने घटला की रस्त्याची प्रतिक्रियाही बेअरिंगपासून तितकीच बाहेर जाते. चाकावर 300 किलोग्रॅम भार असेल, तर आघूर्णात 300 × 9.8 × 0.01, म्हणजे सुमारे 29 न्यूटन-मीटर फरक पडतो. एक मीटर लांब काठीच्या टोकाला तीन किलोग्रॅमचे वजन टांगून काठी आडवी धरून पाहा, म्हणजे हा फरक हाताला कळेल.

पण ब्रेकचे काय? डिस्कला चिमट्यासारखे धरणारा कॅलिपर रिमच्या पोकळीत बसतो. त्याच्या वरून रिम फिरते, समोरून आरे फिरतात. यांपैकी आरे बैठकीपासून किती फुगीर आहेत, हे ऑफसेटचा आकडा सांगत नाही. म्हणून रुंदी, व्यास आणि ऑफसेट सारखे असलेल्या दोन चाकांपैकी एक कॅलिपरवर सहज बसते, दुसरे अडते.

शेजाऱ्यांच्या कोड्याचे उत्तर येथेच आहे. त्यांच्या मोटारीचा कॅलिपर सरकता होता. बाहेरचा पॅड झिजतो तसा असा कॅलिपर हळूहळू मोटारीच्या आतल्या बाजूस सरकतो. चाके बसवली तेव्हा पॅड अर्धे झिजलेले होते, म्हणून फट पुरेशी वाटली. नवे, जाड पॅड घालताच कॅलिपर पुन्हा बाहेर आला आणि आऱ्यांना घासू लागला. त्यातच घाटात ब्रेक तापतात, धातू प्रसरण पावतो आणि वळणावर चाक किंचित लवते. रिमच्या आत समतोलासाठी चिकटवलेली वजनेही काही मिलिमीटर जागा खातात.

ही फट मोजण्याची युक्ती स्वयंपाकघरातील आहे. मोटार स्टँडवर पक्की टेकवून, फिटरच्या देखरेखीखाली, नवे पॅड घातलेल्या कॅलिपरवर घट्ट कणकेच्या गोळ्या चिकटवा. ब्रेक दोनचार वेळा दाबून सोडा, चाक बसवून नट आवळा आणि हाताने एक फेरा फिरवा. चाक काढून दबलेल्या कणकेची जाडी मोजा. जेथे ती सर्वांत पातळ, तेथे फट सर्वांत कमी. ती तीनएक मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर ते चाक परत करणेच शहाणपणाचे.

शेजाऱ्यांनी जुनी चाके पुन्हा चढवली. काढलेल्या चाकांच्या आऱ्यांवर आतून उमटलेला वर्तुळाकार ओरखडा मी वर्गात दाखवला, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, नट तर बरोबर बसले होते ना?" बसले होते, पण नट फक्त चाक धरून ठेवतात, ते मोकळे फिरेल की नाही हे मोजूनच ठरवावे लागते.