तेल विकणाऱ्या मुलाने सावरलेले संस्थान

घरातला खर्च मिळकतीपेक्षा वाढला की सावकार दारात उभा राहतो, हे कष्टकरी माणसाला सांगावे लागत नाही. पण राजाचे घरही असेच बुडते आणि चोख हिशेबाने ते वर काढता येते. याचा जपानमधील दाखला आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

यामादा होकोकू यांचा जन्म १८०५ साली बित्चू प्रांतातील एका शेतकरी घराण्यात झाला. घरी तेलाचा धंदा होता. आईवडील लवकर वारले. शिक्षण सोडून कोवळ्या वयात त्यांना तो धंदा सांभाळावा लागला. परंतु त्यांनी पुस्तक सोडले नाही. त्यांची विद्या पाहून बित्चू-मात्सुयामा संस्थानाने त्यांना सामुराईचा दर्जा दिला.

१८४९ साली नवा संस्थानिक इताकुरा कात्सुकियो गादीवर आला. त्याने तिजोरीच्या किल्ल्या होकोकूंच्या हाती दिल्या. शेतकऱ्याच्या पोराने आमच्यावर हुकूम चालवायचा काय, म्हणून जन्माने सामुराई असलेले बिथरले. त्यांची टिंगल झाली. होकोकूंनी उत्तर कामाने दिले.

संस्थानावर १ लाख ऱ्यो (सोन्याची नाणी) इतके कर्ज होते. कागदोपत्री उत्पन्न ५० हजार कोकू तांदूळ. प्रत्यक्षात ते जेमतेम १९ हजार कोकू निघाले. होकोकूंनी हे लपविले नाही. ओसाकाच्या सावकारांपुढे त्यांनी खऱ्या वह्या उघडल्या आणि फेडीसाठी मुदत मागितली. सावकारांनी ती दिली. ओसाकाची वखार बंद केली. तांदूळ संस्थानातच साठवून भाव चढेल तेव्हा विकू लागले. दुष्काळात गावकऱ्यांनाही तो साठा उपयोगी पडे.

काटकसर त्यांनी वरून सुरू केली. सामुराईंचे रेशमी कपडे गेले, अधिकाऱ्यांच्या भेटी आणि मेजवान्या बंद झाल्या. आपल्यावर संशय नको म्हणून स्वतःच्या घरचा जमाखर्च त्यांनी दुसऱ्याच्या हाती सोपविला.

आधीच्या कारभाऱ्यांनी भरमसाट कागदी नोटा छापल्या होत्या. त्यांवर कोणाचा विश्वास उरला नव्हता. होकोकूंनी त्या खरा पैसा देऊन परत घेतल्या आणि १८५२ साली नदीकाठी लोकांदेखत जाळल्या. मगच नव्या नोटा काढल्या. त्या लोकांनी विश्वासाने घेतल्या.

नुसत्या काटकसरीने पोट भरत नाही. डोंगरातील लोखंडापासून त्यांनी तीन दात्यांच्या कुदळी आणि खिळे बनविण्याचे कारखाने काढले. माल थेट एडोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जहाजाने जाऊ लागला. आठेक वर्षांत कर्ज फिटून १ लाख ऱ्यो शिल्लक पडले, असे सांगतात.

१८७७ साली होकोकू वारले. १९२८ साली त्यांच्या मुलखात एक रेल्वे स्थानक उघडले, त्याला त्यांचेच नाव दिले गेले. ज्याचा जन्म काढून लोक हसले, त्याच्याच नावाच्या फलाटावर आज गाडी थांबते. मुलाबाळांना ही गोष्ट जरूर सांगावी.