एक मालक, आठ नावे

समुद्रपर्यटनाच्या धंद्यातली जगातली सर्वांत मोठी कंपनी म्हणजे कार्निव्हल कॉर्पोरेशन. तिच्या ताफ्यात नव्वदच्या आसपास जहाजे आहेत, पण त्यांतून फिरून येणाऱ्या पुष्कळांना आपण कोणत्या कंपनीला पैसे दिले याचा पत्ता नसतो. इंग्लंडमधले निवृत्त जोडपे पी अँड ओ क्रूझेसचे तिकीट काढते, हॅम्बुर्गचे कुटुंब आयडाचे, जिनोव्हाचे कोस्टाचे. टेक्सासमधला मित्रांचा कंपू कार्निव्हल क्रूझ लाइनच्या जहाजावर चढतो. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्युनार्ड आणि सीबर्न ही उरलेली चार नावे. गिऱ्हाइके वेगळी, भाषा वेगळ्या, जाहिराती वेगळ्या. गल्ला मात्र एकच.

इतकी नावे सांभाळण्याचा खटाटोप कशासाठी, हे जहाजावरचे जगणे पाहिले की कळते. हॉटेलातला शेजारी आवडला नाही तर माणूस बाहेर पडून दिवसभर गाव भटकतो. जहाजावर ती सोय नाही. तीनचार हजार लोक आठवडाभर एकाच छताखाली जेवतात, एकाच तलावात डुंबतात, एकाच लिफ्टची वाट पाहतात. त्यामुळे तिकिटाच्या पैशात केबिन आणि जेवण जसे येते, तसे सहप्रवासीही येतात. रात्री दोनपर्यंत नाचणारे आणि रात्री नऊला पुस्तक घेऊन पडणारे एकाच डेकवर आणले तर दोघेही नाराज होऊन परततात. ब्रँड वेगळे ठेवण्यामागचे खरे कारण हे आहे. बोधचिन्हे आणि घोषवाक्ये त्यानंतर येतात.

कार्निव्हलने ही आठ नावे ठरवून जन्माला घातली नाहीत, बहुतेक विकत घेतली. तेल अवीवमध्ये जन्मलेल्या टेड ॲरिसन यांनी 1972 मध्ये मायामीत ‘मार्डी ग्रा’ नावाचे एक जुने जहाज रंगवून धंद्याला लावले. पहिल्याच फेरीत, तेही प्रवासी एजंटांची मोठी मंडळी जहाजावर असताना, ते मायामीच्या बंदराबाहेर वाळूत रुतले. दोन वर्षांनी ॲरिसन यांनी भागीदाराचा हिस्सा एका डॉलरला घेतला, अर्थात कर्जाच्या बोज्यासकट. जहाज जुने, इंधन महाग, मग बंदरांमागे धावण्याऐवजी जहाजावरच गंमत घडवायची असा मार्ग निघाला. ‘फन शिप’ ही ओळख तिथून आली आणि साध्या पगारदार अमेरिकन माणसाला क्रूझ परवडते हे सिद्ध झाले. 1987 मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली आणि हातात रोकड आली.

तोवर टेड यांचे चिरंजीव मिकी ॲरिसन कारभार पाहू लागले होते. स्वस्त आणि गडबड्या जहाजांचे नाव झाल्यावर त्याच नावाने महाग, शांत सफर विकता येत नाही, ही अडचण समोर होती. त्यावर 1989 मध्ये 62.5 कोटी डॉलर मोजून हॉलंड अमेरिका लाइन घेतली गेली. 1873 मध्ये रॉटरडॅममध्ये सुरू झालेली ही कंपनी एके काळी युरोपातून अमेरिकेला स्थलांतरितांना नेत असे. तिच्याबरोबर अलास्कातला बस आणि हॉटेलांचा धंदाही पदरात पडला. पुढे श्रीमंतांची सीबर्न आली, 1997 मध्ये इटलीच्या कोस्टात निम्मा वाटा आला (उरलेला तीन वर्षांनी), 1998 मध्ये क्युनार्ड आली. सर्वांत मोठा घास 2003 चा. रॉयल कॅरिबियन या प्रतिस्पर्धी कंपनीशी जवळजवळ जमलेली सोयरीक मोडून ब्रिटनची पी अँड ओ प्रिन्सेस कार्निव्हलकडे वळली आणि प्रिन्सेस, पी अँड ओ, जर्मन आयडा ही सगळी नावे एकदम घरात आली.

पी अँड ओ हे नाव मराठी वाचकाला परके नाही. 1910 मध्ये मार्सेलिसच्या बंदरात सावरकरांनी ज्या ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली ती याच कंपनीची, आणि 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी ज्या ‘राजपुताना’ने मुंबईहून निघाले तीही याच कंपनीची. टपाल आणि साहेबलोक वाहणाऱ्या त्या बोटींच्या भटारखान्यात आणि जेवणघरात गोव्याच्या तारवट्यांच्या पिढ्या खपल्या. आजच्या पी अँड ओ क्रूझेसच्या जहाजांवरही मुंबई-गोव्याकडची माणसे मोठ्या संख्येने आहेत. हॉलंड अमेरिकेवर तशी परंपरा इंडोनेशियन कर्मचाऱ्यांची. नवा मालकही तिला हात लावत नाही, कारण जुन्या गिऱ्हाइकाला तोच चेहरा, तीच अदब हवी असते.

ब्रँड-ब्रँडमधला फरक जाहिरातीपेक्षा बारीकसारीक गोष्टींत जास्त दिसतो. पी अँड ओच्या केबिनमध्ये चहासाठी पाण्याची किटली असते, कारण ब्रिटिश माणसाला उठल्या उठल्या खोलीतच चहा लागतो. अमेरिकन गिऱ्हाइकासाठी बांधलेल्या जहाजांवर ती सहसा नसते. पी अँड ओवर हिशेब पौंडात, आयडावर युरोत, कार्निव्हलवर डॉलरमध्ये. कार्निव्हलवर दर दिवसाची टिप बिलात आपोआप चढते. अमेरिकनांना त्यात वावगे वाटत नाही, ब्रिटिश आणि जर्मन कुरकुरतात, म्हणून पी अँड ओ आणि आयडाने ती भाड्यातच धरली. कोस्टाच्या भूमध्य समुद्रातल्या फेरीत प्रवासी एकाच बंदरावर चढत नाहीत. कोणी सव्होनाला, कोणी मार्सेलिसला, कोणी बार्सिलोनाला, त्यामुळे जहाजावर रोज कुणाची सफर सुरू होत असते तर कुणाची संपत असते. सूचना पाच भाषांत पुकारल्या जातात. एकाच देशाच्या माणसाला तो कलकलाट वाटतो, कोस्टाच्या नेहमीच्या प्रवाशाला तीच मौज वाटते.

आयडाचा प्रकार आणखी निराळा. 1996 मध्ये तिचे पहिले जहाज निघाले ते सुटीच्या क्लबच्या धर्तीवर. नाळेवर रंगवलेले लाल ओठ आणि बाजूला रेखलेले डोळे. सूट-टायची सक्ती नाही, ठरलेले टेबल नाही, मोठमोठ्या टेबलांवर बुफे आणि जेवणासोबत बिअर-वाइन भाड्यातच. सगळा व्यवहार जर्मनमध्ये. जर्मनीत तोवर क्रूझ म्हणजे वयस्क पैसेवाल्यांचा शौक समजला जाई. आयडाने तरुण कुटुंबे जहाजावर आणली, पण जर्मन न येणाऱ्याला तिथे चुकल्यासारखे होते. कंपनीने हे बदलण्याचा प्रयत्न केलेला नाही आणि ते शहाणपणाचे आहे.

दुसऱ्या टोकाला क्युनार्ड. ‘क्वीन मेरी 2’ हे तिचे जहाज आजही साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क असा अटलांटिक ओलांडते. विमानाने सातआठ तासांत होणाऱ्या या प्रवासाला साधारण सात रात्री लागतात, आणि लोक त्यासाठीच पैसे देतात. संध्याकाळी उंची पोशाख, दुपारी पांढरे हातमोजे घातलेल्या वाढप्यांच्या हातचा चहा, आणि केबिनच्या दर्जाप्रमाणे जेवणघरही वेगळे. ही उघड वर्गवारी कार्निव्हलच्या जहाजावर खपणार नाही. इथे तिचेच अप्रूप आहे. या जहाजावर कुत्र्यांसाठीही जागा आहे. त्यांच्या फिरण्याच्या डेकवर एक ब्रिटिश धाटणीचा दिव्याचा खांब आणि एक न्यूयॉर्कचा अग्निशामक नळ बसवला आहे, दोन्हीकडच्या कुत्र्यांची सोय व्हावी म्हणून. इतके ब्रिटिशपण मिरवणाऱ्या क्युनार्डने 2011 मध्ये आपल्या जहाजांची नोंदणी साउथॅम्प्टनहून बर्म्युडात नेली. कारण असे की ब्रिटिश नोंदणीच्या जहाजावर भर समुद्रात कप्तानाला लग्न लावता येत नव्हते आणि लग्नांचा धंदा चांगला होता.

प्रवाशाच्या नजरेआड मात्र हे सारे ब्रँड एका मुशीतून निघतात. 2018 मध्ये जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या मायर गोदीतून ‘आयडानोव्हा’ बाहेर पडले. द्रवरूप नैसर्गिक वायूवर पूर्णपणे चालू शकणारे हे जगातले पहिले क्रूझ जहाज. त्याच आराखड्यावर नंतर कोस्टाचे ‘स्मेराल्डा’, पी अँड ओचे ‘आयोना’ आणि कार्निव्हलचे नवे ‘मार्डी ग्रा’ बांधले गेले. एकूण चार ब्रँडांसाठी नऊ जहाजे, प्रत्येकाचे आकारमान 1,80,000 टनांच्या आसपास. इंजिने, टाक्या, सांगाडा, केबिनचे साचे जवळपास सारखे. फरक वरच्या मजल्यांवर पडतो. ‘मार्डी ग्रा’च्या माथ्यावर रोलर कोस्टर धावते. ‘आयोना’त त्याऐवजी काचेचा मोठा घुमट आहे, कारण साउथॅम्प्टनहून नॉर्वेला जाणाऱ्या जहाजावर पाऊस धरून चालावा लागतो. ‘आयडानोव्हा’त बिअर बनवणारी भट्टी आहे, ‘स्मेराल्डा’त इटालियन डिझाइनचे छोटे संग्रहालय. आराखड्यावरचा खर्च एकदाच करायचा आणि तो नऊ जहाजांवर वाटायचा, हे यातले गणित.

सांगाडा सारखा असला की तो ऐनवेळी इकडून तिकडे वळवताही येतो. 2005 मध्ये पी अँड ओसाठी निघालेल्या ‘आर्केडिया’चा मूळ सांगाडा हॉलंड अमेरिकेसाठी मागवलेला होता. मग तो क्युनार्डचे ‘क्वीन व्हिक्टोरिया’ व्हायचा ठरला, आणि शेवटी पी अँड ओच्या वाट्याला गेला. क्युनार्डला नंतर त्याच जातीचा, थोडा लांब केलेला दुसरा सांगाडा मिळाला. पाण्यात उतरलेल्या जहाजांचीही अशी बदली होते. चिनी प्रवाशांसाठी व्हेनिसच्या थाटात सजवलेले ‘कोस्टा व्हेनेझिया’ महासाथीनंतर चीनमध्ये परत चाललेच नाही, तेव्हा 2023 मध्ये ते कार्निव्हलकडे देऊन न्यूयॉर्कहून सोडले गेले. इटालियन सजावट तशीच ठेवून तिचीच जाहिरात केली.

या फिरतीचा सर्वांत लांब नमुना मुंबईने पाहिला आहे. 1990 मध्ये इटलीच्या मोनफाल्कोने गोदीत बांधलेले ‘क्राउन प्रिन्सेस’ हे जहाज डॉल्फिनच्या डोक्यासारख्या गोलसर माथ्यामुळे ओळखले जाई. त्याच्या रचनेत वास्तुविशारद रेन्झो पियानो यांचा हात होता. 2002 मध्ये ते जर्मन ‘अरोसा ब्ल्यू’ झाले, 2004 मध्ये ‘आयडाब्ल्यू’, 2007 मध्ये तरुण ब्रिटिशांसाठीचे ‘ओशन व्हिलेज टू’, 2009 मध्ये पी अँड ओ ऑस्ट्रेलियाचे ‘पॅसिफिक ज्युवेल’. प्रत्येक वेळी रंग बदलला, जेवण बदलले, ध्वनिक्षेपकावरची भाषा बदलली. मग ते कार्निव्हलबाहेर विकले गेले आणि 2019 मध्ये जलेश क्रूझेसचे ‘कर्णिका’ होऊन मुंबईहून फिरू लागले. वर्षभरात महासाथ आली, कंपनी बुडाली, आणि 2020 च्या अखेरीस जहाज अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेले. कार्निव्हलने स्वतःही मुंबईत चाचपणी केली होती. 2016 च्या डिसेंबरात कोस्टाचे ‘निओक्लासिका’ मुंबई-मालदीव फेऱ्यांसाठी आणले गेले होते.

सामायिक कारभाराची बाकी अंगे कमी रंजक आहेत, पण पैसा तिथेच वाचतो. इंधन, धान्य, मांस, गाद्यांपासून विम्यापर्यंतची खरेदी एकत्र झाली की भावात घासाघीस करता येते. नेदरलँड्समधल्या अल्मेर इथे कंपनीचे प्रशिक्षण केंद्र आहे. सगळ्या ब्रँडांचे कप्तान आणि इंजिनिअर तिथल्या सिम्युलेटरवर तयार होतात. बहामातले हाफ मून के हे बेट हॉलंड अमेरिकेने घेतले, पण कार्निव्हलची जहाजेही तिथे नांगर टाकतात.

सगळीच नावे टिकली असे नाही. ‘ओशन व्हिलेज’ सात वर्षांत गुंडाळले गेले. स्पेनसाठीचे ‘इबेरो’ 2007 मध्ये निघाले आणि 2014 मध्ये कोस्टात विरघळले. सर्वांत धाडसी प्रयोग ‘फॅदम’चा. प्रवाशांनी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये उतरून झाडे लावायची, शाळेत इंग्रजी शिकवायचे, अशी सेवाभावी सुटी विकायची कल्पना होती. 2016 च्या मे महिन्यात याच ब्रँडचे ‘अडोनिया’ जहाज मायामीहून हवानाला गेले. अमेरिकेहून क्युबाला क्रूझ जाण्याची ती जवळपास चाळीस वर्षांतली पहिली वेळ. बातम्या खूप झाल्या, केबिन पुरेशा भरल्या नाहीत, वर्षभरात ब्रँड बंद. चांगुलपणाला गिऱ्हाईक असते, पण सातशे खाटा आठवड्यामागून आठवडे भरतील इतके नसते. पी अँड ओ ऑस्ट्रेलिया हे तर रुजलेले नाव होते, तरी 2025 च्या मार्चमध्ये ते मिटवून त्याची दोन जहाजे कार्निव्हलमध्ये घेतली. लोकसंख्या कमी आणि खर्च जास्त, असे कारण कंपनीने दिले.

वेगळ्या नावांचा आणखी एक फायदा सांगितला जातो. एकाची बदनामी दुसऱ्याला चिकटत नाही. 2012 च्या जानेवारीत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून 32 जण मेले, तेव्हा सर्वांत मोठी झळ कोस्टाला बसली. क्युनार्डचे प्रवासी त्या अपघाताशी आपला काही संबंध मानत नव्हते. कायद्यापुढे मात्र हा आडोसा अपुरा पडतो. प्रिन्सेसच्या जहाजांतून तेलकट पाणी चोरून समुद्रात सोडल्याचा गुन्हा कंपनीने 2016 मध्ये कबूल केला आणि 4 कोटी डॉलर दंड भरला. त्याबरोबर अमेरिकन न्यायालयाने पाच वर्षांची देखरेख लावली. ती प्रिन्सेसपुरती नव्हती, कार्निव्हलच्या इतर ब्रँडांच्या जहाजांवरही होती.

प्रतिस्पर्धी याच वाटेने गेले, पण थोड्या नावांवर थांबले. रॉयल कॅरिबियनने 1997 मध्ये सेलिब्रिटी घेतली, पुढे श्रीमंतांची सिल्व्हरसी घेतली, जर्मनीत टुई कंपनीशी निम्मी भागीदारी केली, आणि अझमारा 2021 मध्ये विकून टाकली. (मुंबईहून निघणारे कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ हे जहाज पूर्वी याच रॉयल कॅरिबियनचे होते.) नॉर्वेजियनने 2014 मध्ये ओशनिया आणि रीजेंट या दोन महागड्या कंपन्या एकाच सौद्यात घेतल्या. एमएससी या खासगी मालकीच्या कंपनीने बराच काळ दुसरेच धोरण ठेवले. नाव एकच, पण त्याच जहाजात पैसेवाल्यांसाठी वेगळे दार, वेगळा तलाव आणि वेगळे जेवणघर असलेला ‘यॉट क्लब’. खाली हजारो माणसे घसरगुंडीवर असतात आणि वरच्या मजल्यावर मोजक्या केबिनांना त्याची चाहूल लागत नाही. तरी 2023 मध्ये एमएससीनेही अतिश्रीमंतांसाठी ‘एक्स्प्लोरा जर्नीज’ हे स्वतंत्र नाव काढले, आणि त्यासाठी वेगळी, लहान जहाजे बांधून घेतली.