समुद्रापलीकडे राहिलेला तिसरा भाग

आवडलेल्या कृतीच्या पुढच्या भागाची वाट पाहणे रसिकाला नवे नाही. कादंबरीचा पहिला खंड वाचून संपला की दुसरा केव्हा निघेल, याची चुटपुट वाचकाला लागतेच. पण तेथे निदान एवढे समाधान असते की, तो दुसरा खंड अद्याप कोणाच्याच हाती पडलेला नाही. लेखक लिहितो आहे आणि सारेच वाट पाहत आहेत. याहून निराळ्या जातीची एक प्रतीक्षा असते. कृती पूर्ण झालेली आहे, दुकानात विकली जात आहे, एका देशातील माणसे तिचा मनसोक्त आस्वाद घेत आहेत. आणि केवळ भाषा वेगळी व बाजार वेगळा म्हणून दुसऱ्या देशातील रसिक मात्र दारातच उभा आहे! अशा प्रतीक्षेचे एक ठळक उदाहरण जपानी व्हिडिओ खेळांच्या इतिहासात सापडते. ‘सेइकेन देन्सेत्सु ३’ हा खेळ जपानमध्ये ३० सप्टेंबर १९९५ रोजी प्रसिद्ध झाला आणि तो अधिकृतपणे इंग्रजीत यावयास ११ जून २०१९ हा दिवस उजाडावा लागला.

हा खेळ कोणत्या प्रकारचा, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. व्हिडिओ खेळांत ‘रोल-प्लेइंग’ नावाचा एक वर्ग आहे. त्यात खेळणारा कथेतील पात्राची भूमिका घेतो, गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, लढाया करतो आणि अनुभवाच्या जोरावर आपल्या पात्राचे सामर्थ्य वाढवीत नेतो. जुन्या पद्धतीच्या अशा खेळांत लढाई बुद्धिबळासारखी चाले. एकाने डाव टाकावा, मग दुसऱ्याने. ‘ॲक्शन रोल-प्लेइंग’ या प्रकारात मात्र लढाई तत्क्षणी, हाताच्या चपळाईने होते. कथेची खोली आणि हालचालींचा वेग यांचा हा संगम असल्यामुळे लहानांना व थोरांना तो सारखाच भावला. ‘सेइकेन देन्सेत्सु’ म्हणजे पवित्र खड्गाची आख्यायिका. तोक्योच्या स्क्वेअर या कंपनीने काढलेली ही मालिका याच प्रकारात मोडते.

मालिकेचा पहिला खेळ १९९१ साली ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी निघाला. अमेरिकेत त्याचे नाव ‘फायनल फँटसी ॲडव्हेंचर’ झाले आणि युरोपात ‘मिस्टिक क्वेस्ट’. दुसरा खेळ ऑगस्ट १९९३ मध्ये निन्तेन्दोच्या ‘सुपर फॅमिकॉम’ या यंत्रावर आला आणि त्याच वर्षी ‘सीक्रेट ऑफ मॅना’ या नावाने अमेरिकेत पोहोचला. मुळात हा खेळ त्या यंत्राला जोडावयाच्या चकतीवाचक उपकरणासाठी योजिला होता. चकतीत पुष्कळ मजकूर मावतो. ते उपकरण बाजारात आलेच नाही. तेव्हा साऱ्या संकल्पनेला कात्री लावून ती लहानशा कार्ट्रिजमध्ये बसवावी लागली. तरीही तीन मित्रांनी एकाच पडद्यावर एकत्र खेळण्याची सोय, पात्राभोवती वर्तुळाकार उमलणारी चिन्हांची यादी आणि हिरोकी किकुता यांचे संगीत यांमुळे त्याने परदेशी खेळाडूंची मने जिंकली.

या यशामागील एक बाजू मात्र क्वचितच लक्षात घेतली जाते, ती भाषांतराची. इंग्रजी भाषांतराचे काम टेड वूल्सी यांच्याकडे होते आणि त्यासाठी त्यांना अवघे तीस दिवस मिळाले. मुदतीपेक्षाही जागेची अडचण मोठी होती. जपानी लिपीत ‘खड्ग’ हा अर्थ एका अक्षरचिन्हात सांगता येतो. इंग्रजीत त्याच अर्थाला पाच अक्षरे लागतात. शिवाय पडद्यावरील प्रत्येक अक्षराला ठरीव रुंदीचा चौकोन दिलेला होता, अक्षर सडपातळ असो की रुंद. परिणामी संवादांचा मोठा भाग गाळावा लागला आणि पात्रे मोजक्या, तुटक वाक्यांत बोलू लागली. अनुवादक कितीही कुशल असला, तरी त्याच्या शब्दांना राहावयास जागा हवी, हे सत्य या उदाहरणाने पटते.

दुसऱ्या भागाने अशी गोडी लावल्यावर तिसऱ्याची उत्कंठा वाढली, यात नवल नाही. आणि तिसरा भाग खरोखरच मोठ्या आवाक्याचा होता. कोइची इशी, हिरोमिची तानाका आणि किकुता ही जुन्या भागाची मंडळी याही कामात होती. या खेळाला एकच नायक नाही. दुरान, अँजेला, केविन, शार्लोट, हॉकआय आणि रीस अशा सहा जणांतून खेळणाऱ्याने तिघांची निवड करावयाची. सहांतून तिघे निवडण्याचे वीस प्रकार होतात. त्यांतला पहिला कोण, यावर कथेचा आरंभ आणि अखेरचा शत्रू अवलंबून असतो. प्रत्येक पात्र वाढत्या सामर्थ्याबरोबर प्रकाशाची किंवा अंधाराची वाट धरते. पहिल्या वाटेला दोन फाटे, त्या प्रत्येकाला पुन्हा दोन. अशा रीतीने एकेका पात्राची चार निरनिराळी रूपे होतात. खेळात दिवस मावळतो, रात्र पडते, वारही बदलतात. रात्र झाली की केविन लढाईत लांडग्याचे रूप घेतो. एकदा खेळून हा खेळ संपतच नाही; दुसऱ्या पात्राच्या डोळ्यांनी तेच जग पुन्हा पाहावेसे वाटते.

हीच समृद्धी भाषांतराच्या मार्गात अडसर ठरणारी होती. इतक्या पर्यायांसाठी लिहिलेले संवाद दुसऱ्या भागापेक्षा कितीतरी अधिक. ‘सीक्रेट ऑफ मॅना’चे कार्ट्रिज सोळा मेगाबिटांचे, तर याचे बत्तीस मेगाबिटांचे, आणि कार्ट्रिजमधील स्मृती-चिप जसजशी मोठी, तसतशी तिची किंमतही चढती. दुसरी अडचण प्रमाणपत्राची. निन्तेन्दोच्या यंत्रावर चालणारा प्रत्येक खेळ तिच्या अमेरिकी शाखेच्या तपासणीतून उतरावा लागे. या खेळात अनेक तांत्रिक दोष होते व त्यामुळे तो त्या तपासणीत टिकणे कठीण होते, असे स्क्वेअरच्या अमेरिकेतील शाखेत काम केलेल्या एका प्रोग्रामरने पुढे सांगितले. तिसरे कारण काळाचे. सप्टेंबर १९९६ मध्ये ‘निन्तेन्दो ६४’ हे नवे यंत्र अमेरिकेत आले आणि खुद्द स्क्वेअर कंपनी सोनीच्या ‘प्लेस्टेशन’कडे वळली. जुन्या यंत्राचा बाजार ओसरत असताना खर्चिक भाषांतराचे धाडस कोण करणार?

इकडे अमेरिकेतील खेळाडू नियतकालिकांत ‘सीक्रेट ऑफ मॅना २’ या सोयीच्या नावाने होणारे उल्लेख वाचून वाट पाहत होते. अशातच १९९५ च्या अखेरीस दुकानात आला तो ‘सीक्रेट ऑफ एव्हरमोर’. नावाचे वळण तेच, वर्तुळाकार यादी तीच. परंतु हा खेळ स्क्वेअरच्या अमेरिकेतील नव्या चमूने स्वतंत्रपणे रचलेला होता. पुष्कळांनी त्याच्यावर राग धरला. याच्यामुळेच आपला खरा तिसरा भाग हुकला, अशी समजूत रूढ झाली आणि ती वर्षानुवर्षे टिकली. वस्तुस्थिती तशी नव्हती. एव्हरमोरचा चमू मुद्दाम नव्याने उभारलेला होता; जपानी खेळाच्या भाषांतराची माणसे त्याने पळवली नव्हती. पण निराश झालेल्या मनाला दोष देण्यासाठी कोणीतरी लागते, आणि जवळ असेल त्याच्यावरच तो ठेवला जातो.

मग रसिकांनी काय केले? काहींनी जपानहून मूळ कार्ट्रिज मागवले. पण अमेरिकेतील यंत्राच्या खाचेत जपानी कार्ट्रिज बसत नसे. त्यासाठी जोडणीचे निराळे साधन लागे. ते मिळाले तरी भाषेची भिंत उभीच! ही भिंत अखेर हौशी मंडळींनी पाडली. खेळातील मजकूर दाबून, सांकेतिक रूपात साठवलेला होता. तो उलगडावयाचा, त्याचे इंग्रजी करावयाचे आणि रुंद-अरुंद अक्षरे सामावणारी लिपी बसवून तो पुन्हा आत घालावयाचा, असे हे किचकट काम. २००० साली हे अनधिकृत भाषांतर पूर्ण झाले आणि संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने जगभर खेळले जाऊ लागले. पुढे फ्रेंचसारख्या भाषांतही असे प्रयत्न झाले. कायद्याच्या दृष्टीने या उद्योगाचे समर्थन करणे अवघड आहे. कृतीवर हक्क तिच्या मालकाचा, हे नाकारता येत नाही. तथापि ज्या कृतीकडे मालकाचे दुर्लक्ष झाले, तिचे नाव दोन दशके जिवंत ठेवण्याचे श्रेय या बिनमोबदला राबणाऱ्या अनुवादकांना दिलेच पाहिजे.

जून २०१७ मध्ये जपानात ‘निन्तेन्दो स्विच’ या यंत्रासाठी मालिकेतील पहिल्या तीन खेळांचा संग्रह निघाला आणि विझू पाहणारी आशा पुन्हा पेटली. आता तरी तो समुद्र ओलांडील काय? उत्तर मिळावयास आणखी दोन वर्षे लागली. ११ जून २०१९ रोजी निन्तेन्दोच्या कार्यक्रमात ‘कलेक्शन ऑफ मॅना’ची घोषणा झाली आणि त्याच दिवशी तो विक्रीसही आला. तिसऱ्या भागाला अखेर स्वतःचे इंग्रजी नाव मिळाले, ‘ट्रायल्स ऑफ मॅना’. त्याच नावाची, त्रिमित चित्रांनी नव्याने घडवलेली आवृत्ती २४ एप्रिल २०२० रोजी प्रसिद्ध झाली. साथीमुळे त्या वेळी अनेक देशांत माणसे घराच्या चार भिंतींत अडकली होती. १९९५ साली जो मुलगा बारा वर्षांचा होता, तो आता छत्तिशी गाठून बसला होता; ज्या खेळासाठी त्याने खाऊचे पैसे साठवले असते, तो आता स्वतःच्या मुलाशेजारी बसून खेळण्याची वेळ आली होती.

आज परिस्थिती पालटली आहे. याच मालिकेतील ‘व्हिजन्स ऑफ मॅना’ हा खेळ २९ ऑगस्ट २०२४ रोजी जपानात आणि परदेशांत एकाच वेळी प्रसिद्ध झाला. आता मजकुराला जागेची टंचाई नाही, आणि भाषांतर हे मागाहून उरकावयाचे काम न राहता निर्मितीचाच एक भाग बनले आहे. यामुळे प्रतीक्षेचे दुःख कमी झाले, हे खरे. परंतु ही सोय ज्यांच्या वाट्याला आली, त्या भाषा मोजक्याच आहेत. मोठ्या बाजारपेठेची भाषा बोलणाऱ्याला त्याच दिवशी मिळणारी कृती लहान बाजारपेठेच्या भाषेपर्यंत बहुधा पोहोचतच नाही. तेथील रसिक दुसऱ्याच्या भाषेतून तिचा स्वाद घेतो आणि त्यातच समाधान मानतो. इंग्रजी बोलणाऱ्या जगाला चोवीस वर्षांच्या आसपास जे सोसावे लागले, ते इतर कित्येक भाषांच्या नित्याच्या अनुभवातले आहे. म्हणूनच ‘सेइकेन देन्सेत्सु ३’ची ही हकीकत केवळ एका खेळाची राहत नाही. कलाकृती निर्माण होणे ही अर्धी गोष्ट. ती ज्याच्या त्याच्या भाषेत, त्याची गोडी कायम आहे तोवर त्याच्या हाती पडणे, ही उरलेली अर्धी. त्या दुसऱ्या अर्ध्यासाठी कोणीतरी शब्द वेचीत, जागा मोजीत, रात्री जागवीत बसलेले असते. खेळाच्या वेष्टनावर त्याचे नाव बहुधा नसते.