शिशाची पेटी फोडण्यापूर्वी

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर, तसेच गोदामांचे आणि भंगाराचेही. आपले कितीतरी बंधू-भगिनी भंगार वेचून, निवडून, तोडून संसार चालवतात. त्यात शिशाला चांगला भाव. म्हणून जड शिशाची पेटी हाती लागली की आनंद होतो. आम्हाला आज त्याच पेटीविषयी बोलायचे आहे.

मुले कॉम्प्युटरवर माइनक्राफ्ट खेळतात. त्याला जोडायच्या 'मेकॅनिझम' या भागात अणुभट्टी उभारता येते. पण तिच्या कचऱ्याचे भरलेले पिंप फोडले की किरणोत्सर्ग पसरतो. खेळात डाव पुन्हा मांडता येतो. माणसाला दुसरा डाव नाही.

खरी अणुभट्टी कशी मोडतात? ट्रॉम्बेची १९५६ ची 'अप्सरा' २००९ साली बंद करून तिचा जुना भाग काढला आणि २०१८ साली तेथे नवी 'अप्सरा' सुरू झाली. अशा कामात आधी इंधन काढतात. मग प्रत्येक तुकड्याचा किरणोत्सर्ग मोजतात आणि दूषित भाग बंदिस्त करून राखीव जागी ठेवतात. कामगाराच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला असतो.

भंगारवाल्याच्या छातीवर काय असते?

कोबाल्ट-६० हा पदार्थ अणुभट्टीतच तयार होतो आणि रुग्णालये, कारखाने, महाविद्यालये येथे वापरला जातो. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील असे एक यंत्र १९८५ पासून पडून होते. २०१० साली ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या बाजारात कामगारांनी ते तोडले. कातडी काळी पडली, केस गळाले, उलट्या झाल्या. त्या एप्रिलमध्ये एका कामगाराचा मृत्यू झाला. ब्राझीलच्या गोयानिया शहरात १९८७ साली ओस पडलेल्या दवाखान्यातील यंत्र असेच फोडले गेले. आतली निळी चमकणारी पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली. चार जण दगावले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती.

दोन्हीकडे यंत्र शिकलेल्यांचे होते, मरण मात्र कष्टकऱ्यांच्या वाट्याला आले. यात दोष तोडणाऱ्याचा नाही. आत काय आहे हे न सांगता विकणाऱ्याचा आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराच्या जिवाला किंमत आहे, हे त्यांनी कायद्याच्या भाषेत मांडले. आपल्या हातातील वस्तूत काय आहे हे जाणून घेणे, हाही कामगाराचा हक्कच आहे.

म्हणून घरातील सर्वांनी दोन खुणा ओळखाव्यात. पहिली, पिवळ्या जागेवर तीन पाती असलेले पंख्यासारखे चिन्ह. दुसरी, २००७ साली आलेला लाल त्रिकोण. त्यात किरण, कवटी आणि पळणारा माणूस दिसतो. हा त्रिकोण अक्षरओळख नसलेल्यालाही कळावा म्हणूनच काढला आहे. अशी खूण दिसली किंवा आकाराच्या मानाने फार जड, बंद पेटी आली, तर ती कापू नका, फोडू नका, घरी नेऊ नका. मुलांना दूर करा, स्वतः लांब व्हा आणि ११२ वर पोलिसांना कळवा. अशा वस्तूंची तपासणी करणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. भंगार हाताळल्यावर उलट्या झाल्या किंवा कातडी भाजल्यासारखी झाली, तर डॉक्टरांना 'मी भंगार तोडले' हे आवर्जून सांगा.

पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर ही दोन चिन्हे फळ्यावर काढून दाखवावीत, अशी आमची प्रत्येक शाखेला विनंती आहे. खडूचा एक तुकडा पुरेल.

जय भीम!