दर मागवण्याआधी
सुरतेच्या कतारगाममध्ये इमारत बांधायची तर आराखड्याआधी तापी नदीचा विचार हवा. ऑगस्ट 2006 च्या पुरात सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. जोत्याची उंची आणि वीजमीटरची जागा पहिल्याच बैठकीत ठरलेली बरी. 2001 च्या भूकंपात सुरतेतही इमारती कोसळल्या. म्हणून खांबांतल्या लोखंडी रिंगांचं अंतर नकाशावरच असावं.

तपशील लिहिताना ‘उत्तम काँक्रीट’ हे शब्द निरुपयोगी. ‘एम 25’ लिहिलं की 28 दिवसांनी काँक्रीटचा ठोकळा दाबून चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन ताकद तपासता येते.

निविदेत सर्व ठेकेदारांना परिमाणांची एकच यादी द्यावी, नाहीतर दरांची तुलनाच होत नाही. कमी बेरजेला लगेच भुलू नये: खोदाईचा दर फुगवलेला आणि रंगकामाचा पाडलेला असेल, तर ठेकेदार पैसे आधीच उचलून शेवटची कामं रखडवू शकतो.