झेड मारलेली चासी

१९३२ची फोर्ड रोडस्टर जमिनीलगत बसवायची तर नुसते स्प्रिंगचे पाटे कमी करून भागत नाही. मागचा अ‍ॅक्सल चासीवर आपटतो. कॅलिफोर्नियातल्या हॉट रॉडवाल्यांचा जुना उपाय म्हणजे ‘झेड’. मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे चासीच्या दोन्ही बाजू कापायच्या आणि मागचा तुकडा काही इंच वर चढवून पुन्हा जोडायचा. अ‍ॅक्सल जागेवरच, पुढची गाडी तेवढी खाली. मी पडलो वेल्डर, माझी नजर आधी जोडावर जाते. आतून पट्टी नाही, वरून ग्राइंडर फिरवून नुसतं चकाचक? अशा गाडीत मी बसत नाही! कापण्याआधी चासी जिगमध्ये पक्की बांधा, दोन्ही कर्ण मोजा. आणि टायर पंक्चर झाला, तरी चासी रस्त्याला टेकता कामा नये.