घाट उतरताना पाय कुठे?

सांगलीत गाडी चालवणाऱ्या कितीतरी जणी बॉनेट उघडायचं काम 'ह्यां'च्यावर सोडतात. सपाट रस्त्यावर ते खपूनही जातं. खरी परीक्षा महाबळेश्वरहून परतताना, पाचगणी ते वाई पसरणी घाट उतरताना!

उतारभर ब्रेक दाबून धरला, की पॅड तापून जळका वास येतो. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं. असं जुनं ऑईल या उष्णतेने उकळलं, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग आपण पेडल दाबतो तेव्हा बुडबुडेच दबतात. पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी काही थांबत नाही.

म्हणून उतारावर दुसरा-तिसरा गिअर ठेवायचा. ब्रेक दाबायचा, वेग कमी झाला की सोडायचा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल? अजिबात नको. पेडल मऊ लागलं तर बाजूला थांबा, ब्रेक निवू द्या. पाणी ओतू नका. तरीही मऊच असेल तर मेकॅनिकला बोलवा.

ब्रेक ऑईल साधारण दोन वर्षांनी बदलायचं. डबीतली पातळी खालच्या रेघेशी आली असेल तर नुसतं भरून निघू नका. पॅड झिजलेत की कुठे गळतंय, ते आधी सांगलीतच बघून घ्या.